गुंतवणूक विश्लेषकाची सनद आणि देवणीचा पदवीधर



दुसऱ्याने कष्टाने साठवलेला पैसा कोठे ठेवला तर वाढेल आणि कोठे ठेवला तर बुडेल, याविषयी हिशेब तपासून, कारणे लिहून आणि खाली स्वतःची सही करून मत देणे, हे गुंतवणूक विश्लेषकाचे काम आहे. ते मत चुकले तर पहिला फटका मत देणाऱ्याला बसत नाही, पैसा ठेवणाऱ्याला बसतो. म्हणूनच हा व्यवसाय नुसत्या हुशारीवर सोडून चालत नाही, त्याला परीक्षा, सनद आणि आचारसंहिता लागते. ही सनद मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर वावरणाऱ्यांसाठी आहे असा समज मराठवाड्यात सर्वत्र आढळतो. वस्तुतः जेथे बचत आहे, ती गोळा करणाऱ्या संस्थाही आहेत, परंतु त्या संस्थांचे हिशेब तपासणारी नजर नाही, अशा लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या तालुक्याला तिची गरज अधिक आहे.

लातूर जिल्ह्याला अभ्यासाची शिस्त नवी नाही. काटेकोर वेळापत्रक, वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा आणि शिक्षकांचा सततचा पाठपुरावा यांवर उभा राहिलेला ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर ओळखला जातो आणि त्याच्या बळावर शेतकरी कुटुंबांतील असंख्य मुले-मुली डॉक्टर आणि अभियंते झाली. मात्र ही शिस्त बहुतांशी विज्ञान शाखेच्या वाट्याला आली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बँक भरती, तलाठी भरती किंवा फार तर सनदी लेखापालाची परीक्षा एवढ्याच वाटा जाणतो, आणि विश्लेषकाच्या परीक्षेसाठी जे गुण लागतात ते याच जिल्ह्यात घराघरांत रुजलेले असूनही ती परीक्षा त्याच्या विचारात येत नाही.

अशा सनदेची गरज बाजारातील दोन मोठ्या पडझडींनी दाखवून दिली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून कागदावरच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या किमतीला विकले जाऊ लागले. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो बाजार कोसळला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली आणि या धड्यानंतर १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना उभी केली. अमेरिकेने हाच अनुभव १९२९ मध्ये घेतला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या पडझडीनंतरच्या काळात. शेअरचा बाजारातील भाव आणि त्यामागील व्यवसायाचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरी गोष्ट हिशेबातून शोधावी लागते, हे त्यांनी पद्धतशीरपणे मांडले. डॉक्टर आणि वकील यांना परीक्षेशिवाय काम करता येत नाही, मग लोकांच्या पुंजीविषयी सल्ला देणाऱ्याला तशी अट का नसावी, हा प्रश्न ग्रॅहम यांनी १९४५ मध्ये लेख लिहून विचारला. बरोबरीच्या अनेकांना ही कल्पना रुचली नाही आणि ती प्रत्यक्षात यायला १८ वर्षे लागली. जून १९६३ मध्ये पहिली परीक्षा झाली, तिला २८४ उमेदवार बसले आणि २६८ उत्तीर्ण झाले. आज जगभर ‘सीएफए’ या नावाने ओळखली जाणारी चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, म्हणजे सनदी वित्तीय विश्लेषक ही पात्रता ती हीच.

या परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्न साडेचार तासांत सोडवावे लागतात, दुसऱ्या टप्प्यात एखाद्या कंपनीची किंवा रोख्याची सविस्तर माहिती देऊन तिच्यावर प्रश्न विचारले जातात, आणि तिसऱ्या टप्प्यात गुंतवणुकीचा निर्णय कारणांसह लिहून द्यावा लागतो. प्रत्येक टप्प्यासाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास अपेक्षित धरला जातो. पहिल्या टप्प्यातच निम्म्याहून अधिक उमेदवार सहसा गळतात. जुलै २०२१ मध्ये तर उत्तीर्णांचे प्रमाण २२ टक्क्यांवर आले होते. तिन्ही टप्पे पार केल्यानंतरही गुंतवणूकविषयक निर्णयांशी संबंधित कामाचा किमान ४,००० तासांचा आणि किमान ३६ महिन्यांचा अनुभव दाखवल्याशिवाय सनद मिळत नाही. पदवी पूर्ण होण्यास २३ महिने किंवा त्याहून कमी अवधी उरला असेल तर पहिला टप्पा देता येतो, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीक्रमातील दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही त्याला बसू शकतो.

अभ्यासक्रमाचा गाभा समजण्यासाठी देवणीच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही, कारण ज्या गावाच्या नावाने देवणी हा गोवंश देशभर ओळखला जातो, ज्यातील वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे प्रकार येथील शेतकरी रंगावरूनच ओळखतो, त्या गावाला मूल्यमापनाची परंपरा आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून जो ठरतो तो भाव; पण जाणता शेतकरी रुमालाखाली हात घालण्याआधी दात पाहून वय ठरवतो, कास पाहतो, आधीच्या वेतांची चौकशी करतो, चाऱ्याचा खर्च मनात धरतो, आजाराची शक्यता वजा करतो आणि पुढील काही वर्षांत या गाईपासून काय मिळेल याचा आकडा बांधतो. विश्लेषक कंपनीच्या बाबतीत नेमके हेच करतो. फरक इतकाच की तो आकडा कागदावर मांडतो आणि काळाचाही हिशेब धरतो. आज हातात असलेले १०० रुपये आणि पाच वर्षांनी मिळणारे १०० रुपये समान नसतात, कारण आजचे रुपये गुंतवले तर वाढतात. वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर पाच वर्षांनी मिळणाऱ्या १ लाख रुपयांची आजची किंमत सुमारे ६८,०५८ रुपये भरते. हिला वर्तमान मूल्य म्हणतात. पुढे येणारा पैसा जितका अनिश्चित, तितका हा अपेक्षित परताव्याचा दर चढा धरावा लागतो आणि वर्तमान मूल्य तितके खाली येते. शेअर असो, कर्जरोखा असो वा सोयाबीनवर प्रक्रिया करणारा कारखाना असो, मूल्यमापनाची बरीचशी शाखा या एका कल्पनेतून फुटलेली आहे.

मूल्यमापनासाठी तीन पत्रके वाचावी लागतात. संस्थेकडे एका ठरावीक दिवशी काय आहे आणि ती कोणाचे किती देणे लागते हे ताळेबंद सांगतो. वर्षभरात उत्पन्नातून खर्च वजा जाऊन काय उरले हे नफा-तोटा पत्रक सांगते. आणि प्रत्यक्ष रोकड किती आली, किती गेली हे रोख प्रवाहाचे पत्रक सांगते. नफा कागदावर दिसतो आणि रोकड मात्र येत नाही, अशी स्थिती वर्षानुवर्षे चालली तर तेथे विश्लेषकाने थांबून विचारले पाहिजे, कारण उधारीवर दाखवलेली विक्री आणि वसूल न होणारे व्याज नफ्यात सहज मिसळून जाते.

सीएफए परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात नीतिशास्त्राला १५ ते २० टक्के भार असतो, आणि अनेक विद्यार्थी हा भाग पाठांतराचा समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, हे योग्य नाही, कारण ही नीती पुढे कामात नियम म्हणून पाळावी लागते. भारतात भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियम केले. शेअरविषयी अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या विश्लेषकाने त्या अहवालाच्या ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत त्या शेअरचा व्यवहार स्वतःसाठी करू नये, आणि स्वतःच्या शिफारशीच्या विरुद्ध व्यवहार करू नये, अशी बंधने त्यांत आहेत. लोकांना घ्यायला सांगून स्वतः विकणे ही लबाडी शेअर बाजाराइतकीच जुनी आहे, आणि सनदेचे खरे मोल ती रोखण्यात आहे; गणित तर पुस्तकातूनही शिकता येते.

या नियमांखाली नोंदणी हवी असणाऱ्याला एनआयएसएमची, म्हणजे सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे परिसर असलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची, संशोधन विश्लेषकाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीसाठी पूर्वी पदव्युत्तर शिक्षण किंवा पदवीसह पाच वर्षांचा अनुभव मागितला जात असे. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ही अट पदवीपर्यंत खाली आणली. ग्रामीण महाविद्यालयांनी या बदलाची दखल घेणे अगत्याचे आहे, कारण एनआयएसएमच्या परीक्षेचे शुल्क काही हजारांच्या आत आहे, तर सीएफएच्या एकेका टप्प्याला सुमारे हजार अमेरिकी डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. शेतीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम सोसणारी नाही हे स्पष्टच आहे. म्हणून आधी एनआयएसएमची परीक्षा, मग नोकरी, आणि पगार सुरू झाल्यावर सीएफएचा पहिला टप्पा, हा क्रम येथील विद्यार्थ्याला अधिक शहाणपणाचा ठरेल. गरजू उमेदवारांसाठी आणि स्त्रियांसाठी सीएफए संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांनी शुल्क बरेच कमी होते, परंतु त्यांचे अर्ज वेळेत करावे लागतात. सीएफए परीक्षेचे केंद्र पुण्यात आहे तसे हैदराबादेतही आहे, आणि उदगीर-बीदर मार्गे जाणाऱ्या देवणीकराला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडते. इंग्रजीची अडचण खरी आहे. तथापि परीक्षेतील इंग्रजी साहित्याचे नसून हिशेबाचे असते, त्यातील काही शे संज्ञा पक्क्या झाल्या की उरलेले वाक्य साधेच असते.

या भागाला अशा पदवीधरांची गरज किती आहे, हे दोन गोष्टींवरून दिसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी १०० मधले ९३ जण तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. वायदा म्हणजे पुढील तारखेचा व्यवहार आजच ठरवणे, आणि ऑप्शन म्हणजे तसा व्यवहार करण्याचा केवळ हक्क विकत घेणे. दोन्ही साधने मुळात जोखीम टाळण्यासाठी निघाली, पण थोड्या पैशात मोठी उडी मारता येत असल्याने ती जुगारासारखी वापरली जातात. या व्यवहारांतील तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०२२-२३ मधील ३१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४३ टक्क्यांवर गेले. मोबाइलवरील टेलिग्रामच्या गटात येणारी टिप ही कोणाच्याही सहीची नसते, आणि म्हणूनच तिच्यामुळे झालेल्या तोट्याचा जाब कोणाला विचारता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आणि अधिक वेदनादायक आहे. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यात काही मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थांचे दरवाजे बंद झाले आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, जमीन विकून आलेले, निवृत्तीनंतर मिळालेले पैसे अडकून पडले. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलसुद्धा, ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण मुळीच नाही. नावाची पाटी, काचेची कार्यालये आणि गणवेशातील कर्मचारी पाहून ठेवीदाराला दोहोंत फरक दिसत नाही, आणि तो समजावून सांगणारे माणूस गावात नसते. बँका मुदत ठेवीवर जे व्याज देतात त्याहून कितीतरी अधिक व्याज एखादी संस्था देत असेल, तर ती ते पैसे कोठे लावून कमावते, हा प्रश्न ठेव ठेवण्याआधी विचारायला हवा. महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला किमान २४ टक्के. या दराने मुद्दल सुमारे तीन वर्षांत दुप्पट होते, आणि प्रामाणिक व्यवसायात असा परतावा वर्षानुवर्षे खात्रीने देणे जवळजवळ अशक्य असते.

येथे विद्यार्थ्यांच्या हातात कायद्याने दिलेले एक साधन आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या प्रत्येक सभासदाला कार्यालयीन वेळेत, विनामूल्य, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क आहे. मल्टीस्टेट संस्थांना २००२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा लागू होतो. परंतु देवणी, उदगीर, निलंगा परिसरातील विकास सोसायट्या, गावोगावच्या पतसंस्था आणि सहकारी साखर कारखाने यांना साधारणतः १९६० चाच कायदा लागू आहे, आणि येथील बहुतेक घरांत त्यांपैकी एखाद्या तरी संस्थेचा सभासद असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, छापील अहवाल घरी येतो, तो मराठीत असतो, आणि बहुतेक वेळा न उघडताच रद्दीत जातो. त्या अहवालात एकूण ठेवी किती, त्यांच्या तुलनेत कर्जवाटप किती, थकबाकी किती वाढली, ठरलेल्या मुदतीपलीकडे हप्ता न आलेली अनुत्पादक कर्जे किती आणि त्यांच्यासाठी नफ्यातून किती रक्कम तरतूद म्हणून बाजूला काढली, हे पाच आकडे सलग तीन वर्षांचे शेजारी-शेजारी मांडले, तर संस्थेची प्रकृती पदवीच्या विद्यार्थ्यालाही कळू शकते, आणि सीएफएच्या पहिल्या टप्प्यातील आर्थिक पत्रकांच्या विश्लेषणाची निम्मी तयारी मराठीतच होऊन जाते.

देवणीच्या महाविद्यालयातील वाणिज्य विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासून अशा वाचनाचे एक मंडळ चालवावे, दरमहा एक अहवाल घ्यावा, दोन विद्यार्थ्यांनी त्यावर चार पानी टिपण लिहून आपल्या नावाने सही करावी आणि उरलेल्यांनी त्यातील प्रत्येक आकड्याचा जाब त्यांना विचारावा, अशी विनंती आहे. सुरुवात विद्यार्थ्यांच्या पालकांकडे आधीच असलेल्या अहवालांनी करता येईल. त्यांच्यासाठी ना शुल्क लागते, ना कोणाची परवानगी.