हुमणीचा भुंगेरा : शरीररचना, अधिवास आणि बंदोबस्त



बुऱ्हाणपूर शहर तापीच्या काठी वसलेले असून त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. नदीलगतची जमीन काळी व खोल, तर डोंगराच्या पायथ्याची हलकी व मुरमाड आहे. केळी, कापूस, ऊस, मका, सोयाबीन व तूर ही पिके या परिसरात घेतली जातात. यांपैकी ऊस, मका, सोयाबीन व तूर, तसेच भुईमूग, ज्वारी व मिरची या पिकांच्या मुळांवर हुमणी ही कीड उपजीविका करते. ती जमिनीत राहत असल्यामुळे पीक पिवळे पडून सुकू लागेपर्यंत तिचा सुगावा लागत नाही. असे रोप किंचित ओढताच हाती येते, कारण त्याची मुळे कुरतडलेली असतात. उसाची बेटे तर वाऱ्याने कोलमडून पडतात. परंतु या वेळेपर्यंत बंदोबस्ताची उत्तम संधी निघून गेलेली असते. ती संधी नेमकी केव्हा येते, हे या किडीची शरीररचना व तिचे राहण्याचे ठिकाण यांवरून कळते.

हुमणी ही स्कॅराबिडी या कुलातील भुंगेऱ्याची अळी होय. शेणाचे गोळे करून ढकलत नेणारा किडा व नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा हे याच कुलातील होत. आपल्याकडे हुमणीच्या दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. होलोट्रिकिया कन्सँग्विनिया ही जात मुख्यतः राजस्थान व गुजरातेतील वालुकामय जमिनीत आढळते. होलोट्रिकिया सेराटा ही महाराष्ट्र, कर्नाटक व दक्षिणेकडील प्रदेशात अधिक आहे. फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८१ साली तिचे प्रथम वर्णन केले. निमाड व खानदेश हे या दोन प्रदेशांच्या सांध्यावर असल्याने येथे सापडणारा भुंगेरा कोणत्या जातीचा आहे, हे तज्ज्ञांकडून पडताळून घेणे इष्ट ठरते.

भुंगेरा तांबूस ते गडद तपकिरी रंगाचा व सुमारे दोन सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या मिशीच्या टोकास तीन पात्यांचा झुबका असतो. मातीत शिरताना ही पाती मिटलेली असतात. उडताना ती पंख्याप्रमाणे उघडतात व त्यांच्या साहाय्याने भुंगेऱ्यास खाद्यवृक्षाचा व मादीचा गंध कळतो. पुढील पाय रुंद व दातेरी असून ते खुरप्याप्रमाणे माती उकरण्याच्या कामी येतात. वरचे टणक पंख ढालीसारखे असून उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. अशा रीतीने हे शरीर वर्षाचा बहुतेक काळ मातीत व थोडा काळ झाडावर राहण्यास योग्य असे घडलेले आहे.

अळी पांढरट, मांसल व इंग्रजी 'सी' या अक्षराप्रमाणे वाकलेली असते. डोके पिवळसर तपकिरी, जबडे बळकट व पाय तीन जोड्या असतात. पोटाच्या शेवटच्या भागातील माती व अन्न पातळ कातडीतून काळसर दिसते. शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूस असलेल्या केसांच्या व काट्यांच्या मांडणीवरून तज्ज्ञ तिची जात ओळखतात. शेणखताच्या खड्ड्यात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी मात्र पिकाची शत्रू नसते. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या केवळ कुजलेल्या पदार्थांवर जगतात. त्यांपैकी काही तर पाठीवर उताण्या होऊन सरपटतात. हुमणी तशी चालत नाही.

हुमणीच्या जीवनक्रमाला एक वर्ष लागते. मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की सायंकाळी साडेसातच्या सुमारास भुंगेरे बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर इत्यादी झाडांवर जमून ते मीलन करतात, रात्रभर पाला खातात व पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी जमिनीत काही सेंटिमीटर खोलीवर सुमारे ५० ते ७० अंडी घालते. १० ते १२ दिवसांत अळ्या बाहेर येतात. प्रथम त्या कुजलेले पदार्थ व कोवळी मुळे खातात. पुढे तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे साधारणतः ऑगस्टपासून, त्या सर्वाधिक नासाडी करतात. पूर्ण वाढलेली अळी खोलवर जाऊन मातीच्या कोटरात कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा पुढील पावसापर्यंत तेथेच निपचित पडून राहतो.

यावरून असे दिसून येते की, वर्षभर जमिनीआड असणारी ही कीड केवळ पहिल्या पावसानंतरच्या मोजक्या रात्रीच उघड्यावर येते. त्या रात्री १०० माद्या पकडल्यास ५ ते ७ हजार अंड्यांची उत्पत्ती टळते. यासाठी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान झाडाखाली कापड पसरून आकडीच्या काठीने फांद्या हलवाव्यात व खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. काही शेतकरी बांधावरील बाभूळ वा निंब तोडून टाकण्याचा विचार करतात. तो योग्य नव्हे, कारण झाड हाच येथे सापळा आहे. ते नाहीसे झाल्यास भुंगेरे इतरत्र पांगतात आणि एका ठिकाणी हाती लागत नाहीत.

उरलेल्या किडीसाठी पूरक उपाय योजावेत. पीक निघाल्यावर व उन्हाळ्यात खोल नांगरट केल्यास उघड्यावर आलेल्या अळ्या व भुंगेरे पक्षी वेचतात. शेणखत चांगले कुजलेलेच वापरावे. लहान अळ्यांवर मेटारायझियम अॅनिसोप्ली ही बुरशी उपयुक्त असून ती खतात मिसळून जमिनीत देता येते. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८७९ साली गव्हावरील अॅनिसोप्लिया या भुंगेऱ्यात ही बुरशी शोधली. त्यावरूनच तिचे नाव पडले आणि तो भुंगेराही याच स्कॅराबिडी कुलातील आहे. तिसऱ्या अवस्थेतील मोठ्या अळ्या मात्र कोणत्याही उपायाला सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणून विलंब करू नये. रासायनिक औषधांचा वापर कृषी खात्याच्या सल्ल्यानेच करावा.

एका बांधावर बसलेला भुंगेरा शेजाऱ्याच्या शेतात अंडी घालू शकतो. त्यामुळे एकट्यादुकट्याने केलेल्या प्रयत्नांचा लाभ फारसा टिकत नाही. कोणत्या झाडांवर भुंगेरे जमतात याची नोंद गावाने पावसाळ्यापूर्वीच करावी, माणसांची वाटणी ठरवावी आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळी सर्वांनी मिळून बाहेर पडावे. त्या मोजक्या रात्रींचे श्रम पुढील सर्व हंगामातील मुळांचे रक्षण करतील.