आडनाव विचारणारे शहर



नाशिकच्या न्यायालयाच्या आवारात मला एक वाक्य वारंवार ऐकावयास मिळते. "वकीलसाहेब, या शहरात मन लागत नाही. येथे कोणी कोणाचे नाही." सातपूरच्या कारखान्यात कामास आलेला मराठवाड्यातील तरुण हेच म्हणतो, आणि नाशिकरोडला बदली होऊन आलेला कारकूनही हेच म्हणतो. २०११ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती १४ लक्ष ८६ हजार भरली होती. एवढ्या माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाची विचारपूस करावी, ही अपेक्षाच व्यर्थ होय. आपल्या वाडवडिलांना तर हा अनोळखीपणा हवाच होता. पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत जिथे माणसाच्या आधी त्याची जात पोहोचते, त्या गावातून आलेल्याला कोणी ओळखत नाही असा रस्ता सुटकेचा वाटला, तर नवल काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानावर केलेला प्रहार आपणांस ठाऊकच आहे.

तेव्हा शहर आपल्याला ओळखत नाही, ही माझी तक्रार नाही. ते आपल्याला फार लवकर ओळखते, ही आहे.

२००३ च्या सुमारास मी कायद्याचा विद्यार्थी असताना भाड्याची खोली शोधीत होतो. एका घरमालकांनी मला बसविले, चहा पाजला, पाणी किती वाजता येते ते सांगितले, विजेचे मीटर दाखविले. अनामत रकमेची पावती लिहिण्यासाठी त्यांनी वही उघडली आणि आडनाव विचारले. मी सांगितले. लेखणी थांबली. "अहो, विसरलोच की! ही खोली आमच्या भाच्याला हवी आहे." त्यांच्या आवाजात किंचितही कठोरपणा नव्हता. भाचा सहा महिने आला नाही. दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. मी रोज त्याच रस्त्याने महाविद्यालयात जात असे, म्हणून मला हे ठाऊक.

त्या रात्री मला बडोद्याची आठवण झाली. परदेशी विद्या घेऊन १९१७ साली नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांना तेथे राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ही हकीकत आपण लाठ्यांसाठी सांगतो. मला मात्र त्या दोन सबबी अधिक बोचतात, कारण लाठ्या गेल्या आणि सबबी राहिल्या.

याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. तेथील बंद दार साऱ्या जगाला दिसत होते, म्हणून त्याच्यापुढे धरणे धरता आले. न आलेल्या भाच्यापुढे धरणे कोठे धरावे?

तुम्ही विचाराल, वकील असून कायद्याचे काय सांगता? सांगतो. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. मात्र २९ नोव्हेंबर १९४८ रोजी 'दुकान' या शब्दाविषयी पृच्छा झाली, तेव्हा तो व्यापक अर्थाने योजिला असल्याचे बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते. शिवाय १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, ज्यास १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, तो कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेली आडकाठी गुन्हा ठरवितो. इतकेच नव्हे, तर अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेपोटीच घडले, असे न्यायालयाने विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरावयाचे असते. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा लाभल्याने हे गृहीतक आपल्या बाजूचे आहे. पण आधी आडकाठी झाली हे तर दाखविले पाहिजे! म्हणून माझे सांगणे एवढेच की नकार मिळाला तर दिवस, वेळ, शब्द लिहून ठेवा. आडनाव नसलेल्या चौकशीला काय उत्तर मिळते तेही साक्षीदारासह पाहा. अपमान गिळून घरी जाणाऱ्याची फिर्याद कोणी लिहीत नाही. मी स्वतः त्या वेळी काहीच लिहून ठेवले नव्हते.

त्या दिवसांत मी रविवारी त्रिरश्मीच्या लेण्यांत जाऊन बसत असे. बहुसंख्य लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. तेथे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले, २००० एकीकडे व १००० दुसरीकडे. मूळ रक्कम न मोडता व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व्हावयाची. हे दान ज्याला दिले त्या संघास 'चातुर्दिश' म्हटले आहे, म्हणजे चारी दिशांकडून येईल त्याचा. दुसरे एक लेणे उत्तरेकडील दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदविले. परदेशी मनुष्य येथे आला आणि त्याने वाटसरूसाठी डोंगरात घर केले. मी त्या थंड दगडावर बसून विचार करी, या यवनाला गंगापूर रस्त्यावर आज खोली मिळाली असती काय?

येथवर बोलून मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही.

गेल्या वर्षी माझी वरच्या मजल्याची खोली रिकामी झाली. एक तरुण मुसलमान शिक्षक पाहावयास आला. मी त्याला बसविले, चहा दिला, पाण्याची वेळ सांगितली. नंतर त्याने आपले नाव सांगितले, आणि माझ्या तोंडून निघाले, "घरात विचारून कळवितो." घरात विचारावयाचे काहीच नव्हते. माझ्या पत्नीने रात्री एवढेच म्हटले, "तुमचा भाचा कधी यायचा आहे?"

सकाळी मी त्या शिक्षकाला दूरध्वनी केला आणि खोली तुमचीच आहे असे सांगितले. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "आभारी आहे साहेब, पण मला दुसरीकडे जागा मिळाली." ती खरोखरच मिळाली होती की नव्हती, हे मला आजतागायत कळलेले नाही.