अर्ध्या बँडाचे मोजमाप



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला वाटेतच अडवले. म्हणाला, "बोनस आणि कंत्राटी कामगार सोडून तुम्ही कॅनडाला निघालात की काय?" आम्ही त्याला म्हटले, बाबा रे, जिथे माणसाच्या कामाचे मोल दुसऱ्याच्या मोजपट्टीवर ठरते, तिथे ती मोजपट्टी तपासून पाहणे हे युनियनचेच काम. आता इंग्रजीच्या परीक्षेवर बोलण्याचा आमचा अधिकार म्हणाल, तर तो नाहीच. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते चार्जशीटा वाचता वाचता. 'मँगो'च्या आधी 'मिसकंडक्ट' हा शब्द आम्हांला लिहिता येऊ लागला. असो.

आमच्या एका फिटर-मित्राचा मुलगा. बापाने ओव्हरटाइम करून त्याला एम. ई. केले. पोरगा एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागला, चांगली तीन वर्षे काढली, आणि 2018 साली त्याने कॅनडाला जाण्याचे मनात घेतले. तिकडे कुशल कामगारांसाठी 2015 च्या जानेवारीपासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, अनुभव, भाषा, प्रत्येकाला गुण, सगळ्यांची बेरीज, आणि दर थोड्या दिवसांनी सरकार एक रेषा ओढते. रेषेच्या वर असाल तर अर्ज करा म्हणून बोलावणे येते, खाली असाल तर रांगेत थांबा. 2018 मध्ये ही रेषा बहुतेक वेळा 440 ते 455 च्या आसपास असे.

भाषेचे गुण ठरतात 'आयेल्ट्स'सारख्या परीक्षेवरून. श्रवण, वाचन, लेखन, संभाषण असे तिचे चार भाग. प्रत्येकाला शून्यापासून नऊपर्यंत बँड, तोही अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. आमच्या पोराचा कागद आला: श्रवण 8, वाचन 8, लेखन 6.5, संभाषण 7.5. सरासरी साडेसात. घरात पेढे वाटले गेले. आम्हीही एक खाल्ला, ते कबूल केले पाहिजे.

पण कॅनडाचे सरकार ती सरासरी पाहतच नाही. ते प्रत्येक भाग सुटा घेते आणि आपल्या स्वतःच्या पातळ्यांत बसवते. नवव्या पातळीला श्रवणात 8 लागतात, बाकी तिघांत 7. म्हणजे पोराचे अडले ते लेखनाच्या अर्ध्या बँडावर. आता या अर्ध्या बँडाची किंमत पाहा. लेखनाचेच गुण 31 ऐवजी 23 झाले, आठ गेले. एवढ्यावर थांबते तर बोलण्याचे कारण नव्हते. पण चारही भाग नवव्या पातळीला पोचले तर उच्च शिक्षणाच्या जोडीला 50 गुण मिळतात, एकही मागे राहिला तर 25. परदेशातील तीन वर्षांच्या अनुभवाचेही तसेच, 50 नाहीतर 25. आठ, पंचवीस आणि पंचवीस मिळून अठ्ठावन्न! पोराची बेरीज व्हायची ती 470, झाली 412. त्याची पदवी तीच, अनुभव तोच, हातातले कसबही तेच. निबंधात अर्धा बँड कमी पडला म्हणून कारखान्यातल्या तीन वर्षांची किंमत निम्मी धरली गेली.

त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा दिली. या खेपेस लेखन 7 आले आणि श्रवण घसरून 7.5 झाले. सरासरी पुन्हा साडेसात, बेरीज पुन्हा 412. दोन बैठकींतले चांगले चांगले गुण निवडून एकत्र लावता येत नाहीत. डिसेंबरात त्याला एकतिसावे लागले आणि वयाचे गुण 105 वरून 99 झाले. वाढदिवसाला सहा गुण कापून घेणारा हा हिशेब पाहून त्याची आई म्हणाली, "मग ओवाळू तरी कशाला?"

एका रविवारी तो आमच्याकडे दोन्ही कागद घेऊन बसला होता. म्हणाला, "काका, आमच्या खात्यात मायक्रोमीटर वापरायच्या आधी त्याचीच परीक्षा होते. तोच जॉब तीन माणसांनी दोन-तीनदा मोजायचा आणि आकडे किती हलतात ते बघायचं. त्याला गेज आर अँड आर म्हणतात. टॉलरन्सच्या शेकडा दहाच्या आत हललं तर उत्तम. तीसच्या वर गेलं तर तो गेज कपाटात, कुलपात."

आम्ही ते डोक्यात ठेवले आणि नंतर वाचून पाहिले. ही परीक्षा घेणारी मंडळी प्रामाणिक आहेत. श्रवण आणि वाचन यांतली प्रमाण-चूक ती स्वतःच प्रसिद्ध करतात. ती सुमारे एकतृतीयांश बँडाची आहे. कोणत्याही परीक्षेत इतके कमी-जास्त व्हायचेच, त्यात लबाडी नाही. पण ज्या मापात एकतृतीयांशाची हालचाल आहे, त्याच्या अर्ध्याच्या पायरीवर दुसऱ्या कोणी अठ्ठावन्न गुण टांगून ठेवावेत, हे कोणत्या कारखान्यात चालेल? दोष मायक्रोमीटर बनवणाऱ्याचा कमी आहे. ज्याने ड्रॉइंगवर ते टॉलरन्स लिहिले, त्याचा अधिक आहे. जिथे चढण ठेवायची तिथे त्याने जिना बांधला, आणि शेवटची पायरी पुरुषभर उंच केली.

भाषेच्या परीक्षेने माणूस अडवण्याचा इतिहास जुना आहे आणि त्यात आपलेही लोक आहेत. 1897 साली नाताळ वसाहतीने कायदा केला, की येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. कायद्यात 'हिंदी माणूस' असा शब्द नव्हता, पण तो कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. गांधीजी त्या वेळी तिथेच होते. 1901 साली ऑस्ट्रेलियाने तीच युक्ती उचलली: पन्नास शब्दांचे श्रुतलेखन, कोणत्याही युरोपीय भाषेत, आणि भाषा निवडणार अधिकारी. 1934 मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार आला. तो नाझींविरुद्ध बोलणार होता म्हणून सरकारला नको होता. गड्याला भाषा अनेक येत. म्हणून त्याला स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये श्रुतलेखन घातले! तिथल्या उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, ही गोष्ट वेगळी. ती परीक्षा 1958 साली गेली.

आजची परीक्षा त्या जातीची नव्हे, हे स्पष्ट सांगतो. तिथे उमेदवाराला पाडायचे हे आधी ठरलेले असे. इथे तसे नाही. आणि भाषा तपासूच नये असेही आम्ही म्हणत नाही. क्रेनखाली उभ्या माणसाला इशारा कळला नाही तर काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी कॅनडाने जी वेगळी वाट ठेवली आहे, तिथे बोलण्या-ऐकण्याची पातळी पाचवी आणि लिहिण्या-वाचण्याची चौथी पुरते. ती मागणी कामाला धरून आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही.

भांडण दुसरे आहे. कारखान्यात एखाद्याला काढायचे म्हटले तर आधी आरोपपत्र द्यावे लागते. खातेचौकशी होते, कागद दाखवावे लागतात, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतो. त्यातही पुष्कळ नाटक असते, पण कागद तरी हाती येतो. इथे लेखनाचे गुण चार कसोट्यांवर देतात: प्रश्नाला धरून लिहिले का, मांडणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पण निकालाच्या कागदावर येतो एकच आकडा. कोणत्या कसोटीवर कमी पडलो ते कळत नाही आणि लिहिलेली पाने परत मिळत नाहीत. पुन्हा तपासून घेण्याची सोय आहे. पैसे भरावे लागतात, बँड बदलला तर ते परत मिळतात. पण तिथूनही उत्तर येते ते आकड्याचेच. त्या पोराला गुण न्यायाने मिळाले की अन्यायाने, हे पडताळण्याचे साधनच त्याच्या हाती नाही. जॉब रिजेक्ट झाला तर निदान खडूने त्यावर खूण करतात हो!

यंत्राकडे तपासणी दिली म्हणजे सुटलो, असेही नाही. 2017 साली ऑस्ट्रेलियात जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या एका आयरिश पशुवैद्य बाईंना संगणकाने तपासलेल्या दुसऱ्या एका परीक्षेत बोलण्यात हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. वर्तमानपत्रांना हसायला झाले. बाईंना काय झाले असेल ते सांगायला नको.

तिसऱ्या खेपेच्या आधी पोराने सरावाची पत्रे आम्हांला दाखवली. या परीक्षेत एक पत्र लिहावे लागते, पुष्कळदा तक्रारीचे. घरमालकाला लिहा, नळ गळतो आहे. तक्रारीचे पत्र म्हणजे आमचा तीस वर्षांचा धंदा! आम्ही त्यात 'सात दिवसांच्या आत' आणि 'पुढील परिणामांस आपण जबाबदार' अशी दोन वाक्ये घातली. पोराने ती हळूच खोडली. म्हणाला, "काका, तिथं सूर सांभाळण्याला गुण आहेत."

2019 च्या नोव्हेंबरात त्याचे चारही भाग जमले. बेरीज झाली 464. पहिल्या खेपेच्या वेळची रेषा असती तर केव्हाच बोलावणे आले असते. पण तोवर ती 470 च्या वर गेली होती, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाढदिवस होता. तो गेला नाही. इथेच आहे, गेजरूम सांभाळतो.

या सभेत ज्यांच्या घरी अशी तयारी चालली आहे त्यांना दोन गोष्टी सांगून थांबतो. सरासरीवर पेढे वाटू नका. चारही आकडे त्या देशाच्या तक्त्याशी आधी ताडून पाहा. फेरतपासणीची मुदत परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवडे असते, निकालापासून नव्हे, आणि निकालाचा कागद दोनच वर्षे चालतो. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे, तेव्हा वाढदिवसाची तारीख पाहून बैठक ठरवा. कोणाजवळ असे कागद असतील तर युनियनच्या कचेरीत घेऊन या, संध्याकाळी सहानंतर आम्ही तिथे असतो.