हयातीचा दाखला आणि झिजलेला अंगठा

(ग्रामपंचायत सचिव, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



निवृत्तिवेतनधारकास दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली आणि बोटाचा ठसा किंवा बुबुळ यंत्रास दाखवून हा दाखला मिळू लागला. अनेकांची पायपीट त्यामुळे वाचली, हे निर्विवाद आहे.

परंतु एका सेवा केंद्रात मी जे पाहिले ते सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. पती सरकारी नोकरीत होते. आजींचे आयुष्य मात्र भाताच्या लावणीत आणि मिठागरात गेलेले. यंत्रावर चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा ठसा जुळला नाही. ओटीपी ज्या मोबाईलवर जायचा, तो मुंबईस मुलाजवळ.

“आजी, तुमचे बोट चालत नाही,” केंद्रचालक म्हणाला.

“अरे बाबा, मग ही समोर बसली आहे ती कोण?”

या प्रश्नाचे उत्तर यंत्राजवळ नव्हते. ते आपणाजवळ असावयास हवे. गोव्यात चालू असलेल्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे लाभार्थी तरी कोण? वृद्ध, एकाकी स्त्रिया, अपंग. नेमके हेच लोक यंत्रापुढे अडखळतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ३३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधीतरी वापरले होते. त्याहून वडील स्त्रियांची तर त्यात गणतीच नाही.

पडताळणी फसली एवढ्यावरून पात्र व्यक्तीचा लाभ नाकारला जाऊ नये, ओळख पटविण्याचा अन्य मार्ग ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सांगितले. ॲसिडहल्ल्यातील पीडितांना कॅमेऱ्यापुढे पापणी मिटता येत नाही म्हणून त्यांची ओळख नाकारली जात असे. त्यांच्या अर्जावर ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

तेव्हा सचिवांनी ‘ठसा जुळत नाही’ म्हणून कोणासही रिकाम्या हाती परत पाठवू नये. कागदी दाखल्याचा मार्ग त्याच वेळी सांगावा. अंथरुणास खिळलेल्यांची नावे अंगणवाडी सेविकांना पाठ असतात. ती त्यांनी पंचायतीस कळवावीत. आम्ही प्रसिद्धीची मंडळीही निर्दोष नाही. पत्रक संकेतस्थळावर टाकले की गावोगावी पोहोचले, असे आम्ही खुशाल समजतो!

त्या आजींना कागदी दाखला मिळाला, पण तिसऱ्या खेपेस. आधीच्या दोन खेपांचे बसभाडे गेले ते गेलेच.