आपण कोणते?



व्याख्यानाला बाजाराच्या पिशवीचा विषय घेऊन आलो आहोत, याबद्दल आधीच क्षमा मागतो. सभेत आम्ही सारे सभ्यच असतो. आमची फजिती होते ती दुकानाच्या ओट्यावर, गिरणीच्या रांगेत आणि वरठीच्या गाडीत.

भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही एक गंगाळ बघायला गेलो. शेजारी एक गृहस्थ लोटा वाजवून पाहत होते. आम्ही म्हणालो, "ये कितने का बोला?" ते म्हणाले, "भाव जादा बोलता है." असा आमचा संवाद पाच मिनिटे चालला. तेवढ्यात त्यांच्या हातून लोटा निसटून पायावर पडला आणि तोंडातून शुद्ध मराठीत "आई गं!" निघाले. दोघेही ओशाळलो. अनोळखी माणूस दिसला की हिंदीत शिरायचे, ही आमच्या भागाची जुनी खोड. 1956 पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तिथे हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदत. राज्य बदलले, जीभ अजून तिकडेच वळते. असो. या फजितीने कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरी फजिती मात्र तशी नाही.

आपले भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे, हे परगावच्या पाहुण्याला गाडीतून उतरल्यावरच कळते. पूर्वी टांगे असत, मागाहून काळीपिवळ्या आल्या. गुडघ्याला गुडघा लावून बसायचे म्हटल्यावर बोलणे आलेच. एकदा आम्ही असेच स्टेशनला निघालो होतो. समोर साधारण आमच्याच वयाचे गृहस्थ, मांडीवर तांदळाची पिशवी. "कोण्या गावचे जी?" "तुमसरकडचे." तांदूळ निघाला, धानाचा भाव निघाला, पाऊस निघाला. त्यांनी आम्हाला सुपारी दिली, आम्ही त्यांना खिडकीकडची जागा दिली. मग आम्ही नाव विचारले. त्यांनी आपले नाव सांगितले आणि थांबले. आम्हीही थांबलो. श्रोतेहो, हे थांबणे तुमच्या ओळखीचे आहे. नाव मिळाले तरी आमचे कान उघडेच होते.

त्यांनी आडनाव सांगितले. ते नेमके असे निघाले की आपल्या जिल्ह्यात तीन-चार जातींत सापडते. तेव्हा आम्ही, अगदी हसतमुखाने, विचारले, "म्हणजे आपण कोणते?"

ते रागावले नाहीत. पिशवीचे तोंड त्यांनी नीट आवळले आणि म्हणाले, "उतरल्यावर सांगतो जी. आताच सांगितलं तर तुम्हाला सरकून बसावं लागंल, अन् गाडीत जागा नाही."

गाडीतले सगळे हसले. आम्हीही हसलो, पण वरठी येईपर्यंत बाहेरची धानाची शेते पाहत बसलो.

आम्ही जुन्या मताचे नाही, हे येथे पुष्कळांना ठाऊक आहे. घटनेच्या 17 व्या अनुच्छेदावर आम्ही शाळेत मुलांना निबंध घातले आहेत. ती घटना सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले होते आणि पडले, ही गोष्टही आम्ही दरवर्षी, जरा खालच्या आवाजात, सांगत आलो. मग तो प्रश्न तोंडातून आला कोठून? आम्ही बरेच दिवस स्वतःची समजूत घातली की ही आपुलकीची चौकशी होती. सोयरीक निघते का, ओळखीचे कोणी निघते का, एवढेच. पण सोयरिकीसाठी गाव पुरे होते, आणि गाव तर त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले होते. खरे म्हणजे जात कळल्याशिवाय त्यांच्याशी किती मोकळे व्हावे हे आम्हाला ठरवता येत नव्हते. सुपारी खाऊन झाली होती, तरीही.

स्टेशनावर त्यांनी काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. गर्दीत त्यांची पिशवी पुलावर चढताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

परवा भाजीबाजारात ते पुन्हा भेटले. वांगी निवडत होते. त्यांनीच हाक मारली, "ओळखलं का जी?"

"वा, ओळखलं तर!" आम्ही म्हणालो. हाक मारायला म्हणून त्यांचे नाव आठवू लागलो. ते काही केल्या आठवेना. आडनाव तेवढे पक्के लक्षात होते.