बॅग कॅमेऱ्याची नको, वाटेची घ्या

आजचा एपिसोड तुमच्याच प्रश्नावर आहे. पावसाळा तोंडावर आला की मला एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो : "दादा, कॅमेऱ्यासाठी कुठली बॅग घेऊ?" सोबत ऑनलाइन सेलचे तीन-चार स्क्रीनशॉट. पाठवणाऱ्यांपैकी कुणी नुकताच हप्त्यावर पहिला कॅमेरा घेतलेला असतो, कुणी लग्नाच्या ऑर्डरवर असिस्टंट म्हणून जायला लागलेला असतो. म्हणजे त्या बॅगेत नुसती हौस नसते, पुढच्या वर्षभराचे हप्ते असतात. म्हणून एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मी मोकळा होणार नाही.

बॅग बघताना आपण पहिलं काय विचारतो? यात मावेल किती? माझं म्हणणं असं की आधी विचारा, हे सामान घेऊन मी जाणार कुठून कुठे?

कॅमेरा बॅगांचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. अमेरिकेत फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वर्तमानपत्रात जिम डोमके नावाचे फोटोग्राफर होते. 1970 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या कामासाठी एक बॅग बनवली. साधं कॅनव्हास, एका खांद्यावर अडकवायची, फोम अगदी कमी. कारण बातमीच्या मागे धावताना लेन्स क्षणात हाताशी यायला हवी. उलट लोप्रो ही कंपनी काढली ग्रेग लो यांनी, आणि ते होते गिर्यारोहक. कडा चढायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि वजन पाठीला चिकटून हवं. एकाची वाट शहरातली, दुसऱ्याची डोंगरातली. म्हणून दोन बॅगा वेगळ्या झाल्या.

आता आपल्या पनवेलच्या वाटा घेऊ. मी इथलाच, त्यामुळे उदाहरणंही इथलीच देतो.

पहिली वाट, लोकल. पनवेलहून सीएसएमटीला जायचं म्हणजे सव्वा तासाच्या वरचा प्रवास. गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्यायची, हे कुणाला शिकवायला नको. पण बॅग घेताना एक बघा : मुख्य चेन कुठल्या बाजूला आहे? काही बॅगा पाठीला टेकते त्या बाजूने उघडतात. अशी बॅग पाठीवर असली तरी मागच्या माणसाला आतलं काही काढता येत नाही. दुसरं, बाहेर कॅमेरा कंपनीचं मोठं नाव असलेली बॅग म्हणजे आत काय आहे याची पाटीच. कॉलेजच्या सॅकसारखी दिसणारी बॅग रॅकवर निवांत पडून राहते. आणि एक सवय लावून घ्या, चेन पूर्ण लावल्याशिवाय बॅग जागेवरून उचलायची नाही. "दोन मिनिटांत परत उघडायचीच आहे" म्हणून झाकण नुसतं टाकून ठेवायचं आणि स्टेशन आलं की हँडल धरून उचलायचं, यात कॅमेरे पडतात.

दुसरी वाट, कर्नाळा. पनवेलपासून 12-13 किलोमीटर, मुंबई-गोवा हायवेलगत. 1968 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य. इथे पाठीवरच्या बॅगेची एक अडचण कळते : ती हळू आहे. खांद्यावरून उतरवा, खाली ठेवा, चेन उघडा, तोवर भृंगराज दुसऱ्या झाडावर. म्हणून गेटच्या आत गेलात की कॅमेरा बाहेर, आडव्या पट्ट्याने अंगावर. बॅगेत बाकीचं : दुसरी लेन्स, बॅटरी, पाणी, डबा. आणि व्हेलक्रो कमी असलेली बॅग घ्या. त्या शांततेत व्हेलक्रोचा चर्रर्र आवाज पक्ष्यांना लांबून कळतो. पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. आपल्या रायगडचा तो जिल्हा पक्षी. त्याच्या बिळासमोर बॅगा टाकून ठाण मांडू नका. तुम्ही बसलात की तो चोचीत खाणं घेऊन लांबच थांबतो आणि पिल्लं आत उपाशी राहतात.

तिसरी वाट, कलावंतीण. ठाकूरवाडीतून प्रबळमाचीपर्यंतची चढण, मग कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. बाजूला कठडा नाही. इथे बॅग हा सुरक्षेचा प्रश्न होतो. गळ्यात लोंबणारा कॅमेरा पायरीवर आपटतो आणि वाकलं की तुम्हाला पुढे ओढतो. म्हणून पायऱ्या सुरू व्हायच्या आधी तो बॅगेत. ट्रायपॉड बॅगेच्या एका बाजूला बांधला की तोल तिकडे जातो आणि त्याचे पाय कातळाला अडकतात. तो मधोमध बांधा, नाहीतर माचीवरच्या ओळखीच्या घरी ठेवा. छातीचा आणि कमरेचा पट्टा लावा. लोंबणारे बंद आत खोचा.

आता वजन. एन्ट्री लेव्हलचा कॅमेरा किट लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास भरतो. पण पक्ष्यांसाठी 150-600 ची लेन्स घेतली की तिचेच दोन किलो. त्यात ट्रायपॉड, पाणी, आणि बॅगेचं स्वतःचं वजन, जे कुणी मोजत नाही. रिकामी असतानाच दोन-अडीच किलो भरणाऱ्या बॅगाही मिळतात. जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसायला हवा, म्हणजे खांद्यांचा भार कमी होतो. दुकानात गेलात तर रिकामी बॅग घालून बघू नका. स्वतःचं सामान घेऊन जा, भरा आणि दहा मिनिटं चाला.

आणि आता आपल्या कोकणपट्टीचा खरा शत्रू, ओल. रायगडात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बॅगेसोबत मिळणारं रेनकव्हर बाहेरची बाजू झाकतं, पण पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी आणि तुमचा घाम तिथूनच आत मुरतो. म्हणून रेनकव्हर असलं तरी आत एक ड्राय बॅग हवी. ट्रेकिंगच्या दुकानात मिळते, तोंड गुंडाळून बंद करायची.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची : बॅग ही कॅमेरा न्यायची जागा आहे, ठेवायची नाही. फोम ओल धरतो. अंधार, ओल, बंद हवा, लेन्सवर बुरशी धरायला एवढं पुरतं. एकदा ती काचेच्या कोटिंगमध्ये उतरली की साफ करूनही डाग राहू शकतो. घरी आल्यावर सगळं बाहेर काढा, पुसा, बॅग पंख्याखाली उघडी ठेवा. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आत छोटा आर्द्रता मीटर टाका, काटा 40 ते 50 टक्क्यांमध्ये राहू द्या. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा, पुन्हा वापरता येतात.

लग्नात काम करणाऱ्यांसाठी खास : एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत आलात की थंड काचेवर वाफ धरते. कॅमेरा हॉलमध्येच बॅगेत ठेवा, चेन लावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास उघडू नका. वरातीचे फोटो लगेच हवे असतील, तर एक कॅमेरा आधीपासून बाहेर राहू दे.

मग बॅग कुठली? एक कॅमेरा आणि दोन लेन्स असतील, तर घरातली मजबूत कॉलेज सॅक आणि आत कप्प्यांचा फोमचा इन्सर्ट, एवढ्यावर सुरुवात होते. इन्सर्ट काही शे रुपयांत मिळतो. वाचलेल्या पैशात ड्राय बॅग आणि हवाबंद डबा येतो. महिनाभर याच बॅगेने फिरा. कुठे अडतं ते तुमचे खांदे सांगतील, सेलचा स्क्रीनशॉट नाही.

आज एवढंच. हा एपिसोड ऐकताय किंवा वाचताय तेव्हा तुमचा कॅमेरा बॅगेतच असेल, तर आधी तो बाहेर काढा. मेसेज मग करा!