पाणी उतरलं की शेवाळ का चढतं?

आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातल्या, गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्राच्या काठावरच्या बाया. १९८८ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढत गेलं, आमच्यापैकी काहींची धानाची बांधी त्यात गेली. पण आज बोलायचं आहे ते चढत्या पाण्याबद्दल नाही, उतरत्या पाण्याबद्दल.

पावसाळा सरला की धरण भरलेलं असतं. मग रब्बीला पाणी सुटतं, ऊन तापतं आणि काठ मागं सरकतो. एप्रिल-मे मध्ये काठाजवळ गुडघाभर पाणी उरतं, तेही कोमट आणि थांबलेलं. वारा आला की तळाचा गाळ ढवळतो, गाळातलं खत पाण्यात मिसळतं. आपल्याकडे तर नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं इथं येऊन थांबतं. कमी पाण्यात तेच खत दाट होतं. शेवाळाला आणखी काय हवं?

शेवाळ दोन तऱ्हेचं असतं, एवढं मात्र नीट लक्षात ठेवा. काठी बुडवून काढा. हिरवे केस गुंडाळून आले तर ते साधं शेवाळ. काठीला हिरवा रंग फासल्यासारखा लेप बसला तर संशय घ्या. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्याच्या काही जातींत विष असतं. ते यकृतावर जातं, ढोरं दगावू शकतात. पाणी उकळल्यानं हे विष जात नाही. उलट अशा पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकली तर शेवाळ मरून फुटतं आणि आतलं विष पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी पिऊ नये, त्यात भांडी धुऊ नयेत, पोरांना पोहू देऊ नये. जलसुरक्षकाला सांगून नमुना तपासायला पाठवावा. वाऱ्यानं साय एका काठाला गोळा होते. ढोरांना तिकडं नेऊच नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजा, रात्री पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे.

आता आमच्या घरचं सांगतो. पाणी उतरल्यावर जी ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर आम्ही गाळपेर करतो. डांगर, टरबूज, काकडी. चार पैसे हातात येतात म्हणून आम्हीही युरिया, डीएपी टाकत आलो. जुलैत पाणी परत चढलं की उरलेलं खत त्याच्याखाली जातं. शहराचं सांडपाणी आपल्या हातात नाही, हे मात्र आहे.

यावरून गटाच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. एक मावशी म्हणाली, "शहर टँकरनं घाण सोडते, अन् माझी मूठभर पिशवीच दिसते का तुम्हाले?" तिचं चुकलं नाही. जिची शेती बुडाली, तिला गाळपेर सोड म्हणणं आम्हाला जमलं नाही. शेवटी एवढं ठरलं की पाण्यालगतच्या पट्ट्यात लाखोळी टाकायची, तिला खत लागत नाही. डांगराचे वेल वरच्या अंगाला, खत मुळाशीच, तेही मोजून. चौघी तयार झाल्या आहेत. मावशी अजून विचार करते आहे.